भरायच्या खणातली वांगी

आधीच सांगते, माझं ऱ्हस्व-दीर्घ चुकतं. अक्षर तर असं की मलाच दुसऱ्या दिवशी वाचता येत नाही. चौथीनंतर शाळा सुटली आणि पुढची वीस-बावीस वर्षं सहीपलीकडे काही लिहिलं नाही. ही वही कोणाला दाखवायची नाहीच, पण कोणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घालाव्यात. नीट लिहिता येईल तेव्हा लिहू असं म्हणत बसले असते तर विजूताईंबद्दल लिहिणं राहूनच गेलं असतं.

विजूताईंचं पोळीभाजी केंद्र ठाण्याला नौपाड्यात होतं, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर. आत दोन शेगड्या, एक लांबडा तवा, ओटा आणि रस्त्याच्या बाजूला काउंटर. आम्ही तिघी होतो. विजूताई मालकीण, सुलभा भाज्या करायची आणि मी पोळ्या. मी डोंबिवलीहून यायची. बोलायची फार कमी. गिऱ्हाईक समोर आलं की माझी मान आपोआप खाली जायची आणि पोळी गोल व्हायची, असं सुलभा म्हणायची.

विजूताईंनी लग्न केलं नव्हतं. पोस्टात टपाल छाटायच्या कामावर त्यांची सगळी नोकरी गेली. त्या सांगायच्या, भिंतीएवढी लाकडी मांडणी असायची, तिला चौकोनी खण, आणि एकेका खणावर एकेका गावाचं नाव. हातातलं पाकीट बघितलं न बघितलं तोच ते खणात पडलं पाहिजे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी तो हात तसाच होता. बाजारातून पिशवी आणली की त्या उभ्या उभ्याच मिरच्या इकडे, आलं तिकडे, लिंबं त्या टोपलीत असं भिरकावायच्या. एकही वस्तू चुकीच्या टोपलीत पडलेली मी पाहिली नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "इंदू, बाईसाहेब, तुझी पिशवी कुठल्या खणात ठेवलीस?" मला वाटलं, ओटीच्या खणाबद्दल विचारतायत. म्हटलं, "ताई, मी खण आणला नाही." त्या एवढ्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. पण त्या दिवशी निघताना माझ्या हातात खरंच एक हिरवा खण ठेवला. म्हणाल्या, "घे, नाहीतर म्हणशील, विचारलं आणि दिला नाही."

त्यांचा सगळा संसार फोनमध्ये होता. म्हणजे फोनमध्ये कामांची यादी ठेवायचं एक अ‍ॅप होतं, त्यात. कोणी शिकवलं नाही, त्यांचं त्यांनीच शोधलं. हाताला सदा पीठ, म्हणून फोन दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून ठेवायच्या आणि बोटाऐवजी करंगळीच्या पेराने टकटक करायच्या. यादीच्या वर एका ओळीत नावं होती: सगळं, ऑर्डर, सामान, भरायचं, निरोप, विजू. काम लिहिताना ते कुठल्या नावाखाली जाणार हे सांगायचं. मग ज्या नावावर टकटक कराल तेवढ्याच नावाची कामं दिसतात, बाकीची लपतात. विजूताई त्या नावांना खणच म्हणायच्या. रोज संध्याकाळी पाच वाजता 'ऑर्डर'चा खण उघडून उद्याची कामं मोठ्याने वाचायच्या. दर दोन दिवसांनी 'सामान'. दहा तारखेला 'भरायचं', कारण लाइटबिल, गॅस, जागेचं भाडं सगळं तेव्हा भरायचं असे. बँकेचं खातंही त्या त्याच दिवशी बघायच्या. मधल्या दिवशी बघणं त्यांना पसंत नव्हतं.

"आठवण करून द्यायला तो वाजतो पण ना?" सुलभाने एकदा विचारलं.

"वाजतो. मी बंद केलंय. वाजणारा फोन आणि ओरडणारा साहेब, दोन्ही एकदाच सहन केलं आयुष्यात."

मला त्या यादीची फार भीती वाटायची. एकदा त्यांचे दोन्ही हात कणकेत होते, तेव्हा म्हणाल्या, "इंदू, सामानावर टकटक कर आणि तेल आहे का लिहिलेलं, बघ." मी केलं. बघते तर सगळ्या ऑर्डरी गायब. सकाळी पंधरा-वीस ओळी होत्या, आता तीनच. माझ्या हातून यादी पुसली गेली असं वाटलं. मी फोन ओट्यावर ठेवला आणि सिलिंडरच्या मागे जाऊन उभी राहिले.

विजूताईंनी करंगळीने 'सगळं'वर टकटक केलं. सगळ्या ओळी परत.

"कुठे गेलं नव्हतं काही," त्या म्हणाल्या. "वर्गात बाई म्हणाल्या, मुलींनी उभं राहा, तर मुलगे काय मरतात? बसलेले असतात."

मग हात धुऊन त्यांनी मला शेजारी बसवलं आणि तासभर ते एकच शिकवलं. हा खण, तो खण, परत सगळं. पुन्हा हा खण. शेवटी म्हणाल्या, "पोस्टात हरवलेलं पत्र असं काही नसतं, इंदू. चुकीच्या खणात पडलेलं पत्र असतं. ते शोधावं लागतं, आणि ते पोचवावं लागतं. उशिरा का होईना." हे वाक्य त्या फार वेळा म्हणायच्या. पोळी करपली तरी म्हणायच्या, पण तिथे ते लागू पडायचं नाही.

गिऱ्हाइकांनाही त्या खणात टाकायच्या. समोरच्या इमारतीतल्या एक काकू रोज चार पोळ्या न्यायला येत आणि अर्धा तास सुनेबद्दल बोलत. विजूताई पोळ्या बांधता बांधता ऐकून घ्यायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "काकू, पोळ्यांचं झालं. सुनेचा खण आपल्याकडे नाही."

"अगं पण विजू, तुला नाही सांगायचं तर कोणाला?"

"सुनेला."

काकू रुसून जायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायच्या. एकदा मात्र काकू काही न बोलता नुसत्याच काउंटरला धरून उभ्या राहिल्या. विजूताईंनी तवा बंद केला, त्यांना आत घेतलं आणि पाठ आमच्याकडे करून दोघी बसल्या. काय बोलल्या ते आम्ही ऐकलं नाही. सुलभा कुजबुजली, "आता कुठला खण उघडला?" मी तिला गप्प केलं. मी कोणाला गप्प केल्याचं हे एकच उदाहरण असेल.

आता 'विजू' या खणाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. त्या खणात एकच काम होतं. 'डोळा'. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. नौपाड्यातल्याच डॉक्टरांनी ऑपरेशन करून घ्या म्हणून सांगितलं होतं आणि त्याचे पैसे ताईंनी हळूहळू जमवले होते. तारीख टाकलेली होती. दिवस जवळ आला की केंद्राचं काहीतरी निघायचं आणि त्या करंगळीने तारीख पुढे ढकलायच्या. डोळा मात्र पुढे ढकलला जात नव्हता. एकदा दुकानातून खसखस आणायची तर खडीसाखर घेऊन आल्या. फोनमधली अक्षरं एवढी मोठी केली होती की एका वेळी तीनच कामं दिसायची. त्या मग म्हणू लागल्या, "इंदू, तूच लिहीत जा. मी सांगते." असं करत फोन माझ्याकडे आला. मी कधी नव्हे एवढी मनातून फुगले होते.

त्या वैशाखात दुपारी ताई बँकेत गेल्या होत्या आणि सुलभा जेवायला घरी. काउंटरवर एक बाई आल्या, कोलशेतच्या. त्यांचं नाव दाते. सासऱ्यांची पंचाहत्तरी होती, घरचेच चाळीस जण जमणार होते. बाकीचं जेवण घरी करणार, पण म्हाताऱ्यांना भरली वांगी आणि भाकरी घरची नको, केंद्राची हवी, असं त्या म्हणाल्या. आमच्याकडून कोणीतरी नेलेली त्यांनी खाल्ली होती. सात तारीख, दुपारी बारा. पैसे त्यांनी तिथेच उभ्या उभ्या ताईंच्या खात्यात टाकले. मी मान खाली घालून सगळं ऐकलं आणि त्या गेल्यावर फोन घेऊन लिहायला बसले. लिहिलं: भरली वांगी, भाकरी, चाळीस माणसं, कोलशेत, दातेबाई, सात तारीख. पूर्ण पत्ता, फोन नंबर. एक काना चुकू दिला नाही.

मग फोनने विचारलं, कुठला खण?

मी विचार केला. खरंच केला, आंधळेपणाने नाही. ऑर्डरमध्ये डबे असतात, रोजच्या पोळ्या असतात. आणि इथे तर सरळ दिसतंय: वांगी काय करायची? भरायची. खण आहेच, 'भरायचं'. मी वांगी तिथे टाकली आणि मला वाटलं, बघा, आता कळायला लागलं.

ताई आल्यावर सांगितलं नाही. त्यांचीच शिकवण होती, 'फोनमध्ये लिहिलं की डोक्यातून काढायचं, नाहीतर फोन कशाला?' मी डोक्यातून काढलं. सहा आणि सात तारखेला मी सुट्टीवर होते, कल्याणला भाचीचं बारसं होतं. सहाच्या संध्याकाळी विजूताईंनी नेहमीप्रमाणे 'ऑर्डर'चा खण उघडून मोठ्याने वाचला. त्यात जे होतं ते सगळं त्यांनी केलं.

आठ तारखेला मी केंद्रात आले तेव्हा सुलभा कमरेवर हात ठेवून उभी होती.

"आली बघा! वांगी बिलात भरणारी आली! चाळीस माणसं हात धुऊन बसलेली कोलशेतला. फोनवर फोन. त्या बाईचा आवाज इथे, या इथे कानात बसलाय माझ्या." मग ताईंकडे वळून, "ताई, हिला पोळ्या लाटू द्या हो. फोन काय हिच्या हातात देता? चौथी पास!"

मी उभी होते तिथेच भिंतीला टेकले. मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहिता येत नाही.

विजूताई स्टुलावर बसून फोन डाव्या डोळ्याजवळ धरून बघत होत्या. त्यांनी 'भरायचं'चा खण उघडला होता. लाइटबिल, गॅस, जागेचं भाडं आणि चौथी ओळ, भरली वांगी. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. त्या हसत होत्या.

"सुलभा," त्या म्हणाल्या, "पेनात शाई भरतो, फॉर्म भरतो, बिल भरतो, माठ भरतो, ओटी भरतो आणि वांगंही भरतोच की. हिचं काय चुकलं? खणावर नाव लिहिणाऱ्याने नीट लिहायला हवं होतं. आमच्याकडे असं नाव लिहिणाऱ्याची बदली झाली असती."

त्यांनी त्याच वेळी 'भरायचं' पुसून 'बिलं' असं लिहिलं. मग फोन पिशवीत घालून माझ्या हातात दिला. "उद्याची यादी वाच," म्हणाल्या. त्या थांबल्या. सुलभा भांडी आपटत होती. मी वाचली.

त्याच दिवशी त्यांनी वांगी आणली, केंद्राचं काम उरकून स्वतः भरली, भाकऱ्या केल्या आणि मला घेऊन रिक्षाने कोलशेतला गेल्या. दातेबाईंनी दार उघडलं पण आत या म्हणाल्या नाहीत. आदल्या दिवशी त्यांना ऐन वेळी हॉटेलातून जेवण मागवावं लागलं होतं. ताईंनी घेतलेले पैसे तर परत केलेच, वर हॉटेलच्या बिलाचे म्हणून बारा हजार दिले. बाई नको म्हणाल्या नाहीत, आणि का म्हणाव्यात? मी ताईंच्या मागे डबा धरून उभी होते.

तेवढ्यात आतून म्हातारे काठी टेकत आले. "वास कसला येतोय?" त्यांनी विचारलं. सुनेने काही म्हणायच्या आत ते खुर्चीवर बसले आणि ताट मागितलं. आम्हाला मग आत बसवावंच लागलं. म्हाताऱ्यांनी एकामागून एक सहा वांगी खाल्ली. हात चाटत म्हणाले, "काल आला असतात तर चाळीस जणांत माझ्या वाट्याला दोन आली असती. बरं झालं, विसरलात." दातेबाईंनाही हसू आलं, पण त्यांनी ते आम्हाला दिसू दिलं नाही. पुढे त्यांनी पुन्हा कधी ऑर्डर दिली नाही.

आम्ही रिक्षाने परत निघालो. मी विचारलं, "ताई, पैसे कुठले दिलेत?" केंद्रात पोचल्यावर त्यांनी माझ्याकडून फोन घेतला, 'विजू'च्या खणावर टकटक केलं आणि 'डोळा'ची तारीखच काढून टाकली. काम राहिलं, त्यापुढे तारीख नाही. तेव्हा मला कळलं.

त्यानंतरच्या पहिल्या पगाराला मी हजार रुपये त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते माझ्या पिशवीत परत टाकले, बघितलं न बघितलं अशा त्याच हाताने. "केंद्राची चूक, केंद्राने भरली. आता या 'भरली'ला कुठल्या खणात टाकू नकोस." दुसऱ्या महिन्यात मी काउंटरच्या खणात ठेवले, ते माझ्या डब्याखाली सापडले. तिसऱ्या महिन्यात मी रात्रंदिवस एक वाक्य पाठ केलं आणि केंद्र बंद करताना म्हणून टाकलं. "ताई, चुकीच्या खणातलं पत्र पोचवावं लागतं ना? तुम्हीच म्हणता. हे पत्र माझ्याकडे पडलंय."

विजूताईंनी कुलूप लावायचं थांबवलं. मी एवढं सलग बोलू शकते हे त्यांनाही नवीन होतं. मग त्यांनी हात पुढे केला.

त्यानंतर जमेल त्या महिन्याला मी हजार द्यायची. त्या कधी मोजायच्या नाहीत, तशाच घडी करून ठेवायच्या. दिवाळीच्या आधी माझी भिशी लागली, तेव्हा पाच हजार एकदम दिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला 'विजू'चा खण उघडायला सांगितलं आणि म्हणाल्या, "तारीख लिही. माझ्या हाताला ढकलायची सवय आहे. तू लिहिलीस की ढकलणार नाही." मी लिहिली. त्यांनी ती ढकलली नाही.

ऑपरेशन झाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी त्या काळा चष्मा लावून केंद्रात आल्या आणि खुर्चीवर बसून भिंतींकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "एवढी मळकी जागा होती? आणि तुम्ही दोघींनी मला सांगितलं नाही?" सुलभा म्हणाली, "ताई, तुम्हाला बरं वाटावं म्हणून तशी ठेवलेली. आता उद्यापासून रंग काढा." त्या आठवड्यात आम्ही तिघींनी भिंती घासल्या.

पण रंग लागला नाही. जागेच्या मालकाला जागा हवी होती, आणि नागोठण्याला विजूताईंची बहीण पडून तिचा पाय मोडला होता. ताईंनी महिनाभर विचार केला असेल, आम्हाला एका वाक्यात सांगितलं. सुलभाला एका मेसमध्ये काम लावून दिलं. मला तीन घरच्या पोळ्या मिळवून दिल्या, तिन्ही घरी स्वतः सोबत येऊन. एका घरी तर त्या बाईंना म्हणाल्या, "ही बोलत नाही म्हणून हिला काही कळत नाही असं समजू नका. हिच्याकडे यादी द्या." जाताना मला त्यांनी माझ्या फोनमध्ये तेच अ‍ॅप घालून दिलं. खण रिकामे ठेवले. "नावं तुझी तू दे. माझी नावं चुकतात."

मी नावं दिली. ती इथे लिहीत नाही.

चैत्रात त्या निघाल्या. खोपटच्या डेपोतून सकाळची एसटी होती. मी डोंबिवलीहून लवकर निघून आले. त्या फलाटावर बाकावर बसल्या होत्या, दोन पिशव्या, एक ट्रंक. काळा चष्मा नव्हता, जाडा चष्माही नव्हता. चेहरा कोणा दुसऱ्याचाच वाटत होता. त्यांनी लांबूनच मला ओळखलं, आणि येणाऱ्या गाडीची पाटीही लांबूनच वाचून दाखवली, लहान मुलीसारखी.

मी पदराची गाठ सोडून पैसे काढले. शेवटचे दोन हजार. मला वाटलं, नेहमीसारखी घडी करून ठेवतील. पण त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या, नीट बसल्या आणि एक एक नोट डोळ्यांसमोर धरून मोजली. एकदा मोजली, पुन्हा मोजली. शेजारचा माणूस बघायला लागला. मला जरा लागलं. एवढे महिने मोजले नाहीत आणि आज?

"बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "पूर्ण. इंदू, आता तू माझी काही लागत नाहीस."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्याही दचकल्या.

"देणं," त्या घाईने म्हणाल्या. "देणं लागत नाहीस, असं म्हणायचं होतं मला."

एवढी वर्षं मी त्यांच्याजवळ होते, पण त्यांचा शब्द चुकीच्या जागी पडलेला तेवढा एकदाच ऐकला. मला हसू आलं आणि त्यांना आलं नाही. त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. कंडक्टरने ट्रंक आत घ्यायला सांगितली. मी ट्रंक चढवली, पिशव्या दिल्या. त्या खिडकीजवळ बसल्या आणि गाडी वळेपर्यंत मागे बघत राहिल्या. बारा हजार रुपये त्या दिवशी पूर्ण फिटले.